राक्षसालाही रस्ता

मी जमिनीची मोजणी करतो. तीन भावांच्या वाटणीचा नकाशा छापून घ्यायला नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या दुकानात गेलो होतो. माझ्यापुढं चाळिशीचा एक गृहस्थ जाड पुठ्ठ्यावर भुयारं छापून घेत होता. होय, भुयारं! अंधारकोठड्या, खजिना, राक्षस, सगळं. एका खेळासाठी: चार मित्र टेबलाभोवती बसून म्हणे शूरवीर होतात आणि त्या भुयारांत हिंडतात. जालन्यात शूरवीरांचीच तेवढी टंचाई होती.

एकेक चौकोनी तुकडा कापून तो दुसऱ्याला जोडायचा, फिरवून पुन्हा जोडायचा आणि दोन बोटं चालवत भुयारातून पार जायचा. चेहरा असा, की मंत्रीच महामार्गाचं उद्घाटन करतोय.

"एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं. "राक्षसांनी अर्ज केलाय का?"

तो हसला नाही. "आमच्या गावी, धावड्याला, शेताची वाटणी झाली, तवा माझा तुकडा मधी आला. जायला वाटच न्हाई. पाच साल झाले, भावाला रस्ता मागून राह्यलो. म्हणून इथं कोणता बी तुकडा कुठं बी लावा, चारी बाजूंनी रस्ता बराबर निघतो. राक्षसाला बी."

तुकडे पिशवीत भरून तो गेला.

मग माझा नकाशा आला. देखणा, इंचाचीही चूक नाही. सहज म्हणून मधल्या भावाच्या शेतात दोन बोटं ठेवली आणि सडकेकडं चालवली. थोरल्याच्या बांधावर ती अडली.