तळटिपेतली आत्या

धुळ्याहून माझ्या गाइडचा फोन आला. "मॅडम, संदर्भांची पद्धत बदला. विद्यापीठाला आता दुसरी हवी आहे. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबायचं, झालं." ते बटण ज्यांनी कधी दाबलेलं नसतं, त्यांनाच ते एक वाटतं.

मी जळगावात लॉ कॉलेजला शिकवते आणि मुलींना शेतजमिनीत मिळणाऱ्या वाट्यावर पीएचडी करते. विषयापेक्षा तळटिपांनीच माझे केस पिकवलेत. बटण दाबलं. खटल्यांच्या नावांची तिरपी अक्षरं सरळ झाली, वर्षं गोल कंसातून उठून चौकोनी कंसात जाऊन बसली, आणि महाराष्ट्र राज्य हा पक्षकार सॉफ्टवेअरला कोणी माणूस वाटला. त्याने 'महाराष्ट्र' हे आडनाव ठरवलं आणि राज्याचं नुसतं आद्याक्षर करून मागे चिकटवलं. सुटीचा अख्खा दिवस मी सरकारला पूर्ववत करण्यात घालवला. डोकं भणभणत होतं.

एवढं निस्तरलं तर एका तळटिपेत नुसतं वर्ष उरलेलं. ती टीप माझ्या आत्याच्या खटल्याची होती. आत्याने चाळीसगावच्या कोर्टात जमिनीतला आपला वाटा मागितला होता, तोही सख्ख्या भावाविरुद्ध, म्हणजे माझ्या वडिलांविरुद्ध. ती जिंकली. हा विषय मी घेतला तोच तिच्यामुळे. पण खालच्या कोर्टाचा निकाल काही लॉ रिपोर्टात छापून येत नाही, आणि नव्या पद्धतीला रिपोर्टाचं नाव आणि पान हवंच होतं. ते नाही म्हटल्यावर तिने आत्यालाच गाळून टाकलं.

सरांना विचारलं, तर म्हणाले, "मग काढून टाका हो. एका निकालाने प्रबंधाला काय फरक पडतो?"

फोन ठेवून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना, म्हणजे माझे वडील, शेजारीच पेपर वाचत होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तसं मी सांगितलं. आत्याशी ते अजून बोलत नाहीत. माझं ऐकून त्यांचा चेहरा एकदम खुलला आणि ते आमच्या अहिराणीत म्हणाले,

"मशीनले बी अक्कल शे. घरनं भांडन पुस्तकमा कसाले?"

तोवर मी नुसती वैतागले होते. आता तळपायाची आग मस्तकात गेली. प्रबंधात जिथे जिथे तो खटला होता, तिथे तिथे सॉफ्टवेअरची जोडणी तोडून टाकली आणि टीप हाताने टाइप केली. आधी आत्याचं पूर्ण नाव, मग नानांचं, मग कोर्ट, गाव आणि तारीख.

काही दिवसांनी सरांचा पुन्हा फोन. समितीला म्हणे जुनीच पद्धत बरी वाटते. मी कपाळावर हात मारला आणि बटण दाबलं. बाकीच्या टिपा परत विस्कटल्या. आत्याची एकही जागची हलली नाही. नाना कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. चष्मा सावरत त्यांनी ती ओळ वाचली.

"हाई कसं नही बदलनं?"

"हातानं लिखेल शे, नाना."

"मंग पुसता येत नही का?"

"येस ना. पन ते मालेच पुसनं पडी."