कागदाएवढी फट

आमच्या रूपरावभाऊजींना सैल काही चालत नाही. दाराची कडी वाजली की ते उठले, बाजेची दोरी लोंबली की ताणली. एकदा माझ्या लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांनी असं काही बसवलं, की ते लोणचं आम्ही पुढच्या वर्षी बरणी फोडून खाल्लं. मुरलं मात्र छान होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमची चूल वेगळी, अंगण एक, गाव पवनार. फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे, हवालदार होऊन घरी आले. आता वर्ध्याच्या एका क्लबात नेमबाजी शिकणाऱ्या पोरांच्या रायफली पाहतात. त्या पॉइंट टू-टूच्या, बारीक गोळीच्या रायफली.

त्या गोळीच्या बुडाशी एक कड असते. कड नळीच्या तोंडाशी अडकते आणि मागून बोल्ट, म्हणजे मूठ असलेला लोखंडी दांडा, येऊन टेकतो. मधे जी जागा उरते तिला भाऊजी हेडस्पेस म्हणतात, मी फट म्हणते. ही फट पातळशा कागदाएवढी पाहिजे. जास्त झाली तर गोळी आत हलते, बोल्टमधल्या सुईचा मार एकदा पुरता बसतो, एकदा अर्धा, आणि चांगला धरलेला नेमही वर-खाली जातो. अगदीच कमी झाली तर बोल्ट लागत नाही. मी काही हे पुस्तकात वाचलं नाही. भाऊजी जेवतानाही दुसरं बोलत नाहीत, म्हणून पाठ झालं.

फट मोजायची रीत सोपी आहे. उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, नळीत सोडायची आणि बोल्टची मूठ एका बोटाने खाली आणायची. सहज आली तर अजून एक तुकडा. मूठ जड लागली की थांबायचं. मग बोल्टमध्ये पितळेचं पातळ वायसर घालून जास्तीची फट बुजवायची. भाऊजींचं बोट या कामात फार शहाणं. बाकी माणसाचं मी सांगतेच आहे.

त्यांची लेक अंकिता याच क्लबात नेम धरायची. तिला बसने सोबत म्हणून मी जात असे. इकडे बाकड्यावर बसून वाती वळायच्या, तिकडे धाड-धाड ऐकायचं. अंकिताच्या पाच गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकून जात. सगळे शाबासकी देत, बाप म्हणे, "रायफल माह्या हातची हाय. तू काय करतं त्याच्यात?"

समुद्रपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा देवेंद्र शाळेत कारकून, घर चांगलं. अंकिता म्हणाली, मला अजून खेळायचं आहे. दसऱ्यानंतर क्लबात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. भाऊजींनी अंगणातच निकाल लावला.

"निवडीत आली त लग्नाचं नाव काढनार नाई. नाई आली त मंग तोंड उघडाचं नाई. कबूल?"

"कबूल," अंकिता म्हणाली. हसून म्हणाली. तिला आपल्या नाण्याएवढ्या भोकांचा भरवसा होता.

दसऱ्याला क्लबात शस्त्रपूजा झाली. पूजा करायला भाऊजींची बायको आनंदाबाई. भोळी बाई. तिने सगळ्या रायफलींना बोटं लावली, आणि अंकिताच्या रायफलीचा बोल्ट मागे ओढून आतही ओलं हळदकुंकू लावलं.

मी म्हटलं, "आनंदा, आत काऊन वं?"

"जाऊबाई, वरून वरून काय पूजा? गोळी त आतूनच निघते ना."

दुसऱ्या दिवशी त्या रायफलीचा बोल्ट जड लागायला लागला. क्लबाचे सेक्रेटरी सदाशिवराव, कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. त्यांनी पोरांसमोर थट्टा केली, "काय हवालदार, वायसर जाड कापलं वाटतं? वय झालं का डोळ्यांचं?"

आधी नळीचं तोंड पुसायचं, मगच फट मोजायची, हा भाऊजींचाच नियम. पोरं चुकली तर त्यांच्या बोटांवर पट्टी मारत. पण त्या दिवशी पोरं फिदीफिदी हसली आणि भाऊजी तापले. न पुसता, न मोजता बोल्ट खोलला, वायसर काढून पॉलिश पेपरवर घासून पातळ केलं, परत बसवलं. बोल्ट लागला. "घ्या," म्हणाले, "अजून डोळे हायेत."

कुंकू आतच राहिलं.

निवडीच्या दिवशी सकाळी अंकिताने रायफल साफ केली. ब्रशमागून फडकं बाहेर आलं ते लालभडक. ती माझ्याकडे घेऊन आली.

"मोठीमाय, पाय वं, आईनं रायफलीचा मळवट भरला!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. कुंकू निघालं आणि वायसर तर आधीच घासलेलं, म्हणजे फट वाढली, हे मला कळायचं कारण नव्हतं. तिला कळायला पाहिजे होतं. पण बापाने आदल्या दिवशी जमवलेल्या रायफलीवर कोणती लेक शंका घेईल?

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दोन बऱ्या गेल्या. मग एक वर, एक खाली. टार्गेटवर भोकं एकाखाली एक, पळीतून तेल ठिबकावं तशी. अंकिताने मान वळवली.

"बाबा, बोल्ट ढिला लागून राह्यला."

"मार गोळ्या. बहाने नको सांगू."

तिने सगळ्या गोळ्या मारल्या. निवडीला थोडक्यात कमी पडली. तिची जागा चारुता नावाच्या मुलीला गेली. पण सदाशिवराव न्यायाचे होते. म्हणाले, "हवालदार, रायफल तपासा. दोष असेल तर तसं सांगा, उद्या सकाळी पोरीला पुन्हा संधी देऊ."

भाऊजी रायफल घेऊन दुरुस्तीच्या खोलीत गेले. माझा वातींचा डबा तिथेच होता, म्हणून मीही गेले. त्यांनी पुंगळीला एक तुकडा लावला. मूठ खाली पडली. दुसरा लावला. पडली. तिसऱ्यालाही पडली. टेबलावर ते लाल फडकं होतं. भाऊजींनी ते उचललं, बघितलं, आणि मग त्यांच्या तोंडावरून मला कळलं की त्यांना सगळं कळलं. मला वाटलं, आता बाहेर जाऊन सांगतील. त्यांनी डबीतून जाडसं वायसर काढलं, बोल्टमध्ये घातलं आणि पुन्हा मोजलं. एका तुकड्यावर मूठ जड. मग बाहेर आले.

"रायफल ठीक हाय. पोरीचा हात हालला."

अंकिता म्हणाली, "हात हालला असता त गोळ्या आडव्याही गेल्या असत्या. ह्या सगळ्या उभ्या हायेत, बाबा."

"मंग श्वास चुकला."

माझ्याने राहवलं नाही. "सदाशिवराव, ह्यायनं आत्ता आत वायसर बदललं. मी पाह्यलं."

भाऊजी मोठ्याने हसले. "आमच्या वैनी. चौथी शिकल्या. वाती वळता वळता हत्यारं समजाले लागल्या."

सगळे हसले. तरी सदाशिवरावांनी रायफल हातात घेतली. पुंगळीला तुकडा लावून बोल्ट स्वतः लावून पाहिला. मूठ जड लागली, जशी लागायला पाहिजे तशीच. त्यांनी अंकिताकडे पाहिलं, जसं खोटं बोलणाऱ्या पोराकडे मास्तर पाहतो.

"हरण्यात कमीपणा नसतो बेटा. पण बापाच्या कामाला नाव ठेवू नये."

 अंकिताने नेमबाजीचं जॅकेट काढलं, घडी केली आणि चारुताच्या हातात दिलं. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. खरंच झोपली. तरणं पोर, दमलं होतं.

घरी आनंदाबाईने विचारलं, काय झालं? बाहेर ज्या रायफलीत दोष नव्हता, त्या रायफलीत घरी येईपर्यंत दोष निघाला.

"तुह्या कुंकवानं झालं," भाऊजी म्हणाले. "पोरगी तुह्या कुंकवानं हारली. कोनाले सांगू नको, तुहीच फजिती होईन."

ती बिचारी रडत माझ्याकडे आली. मी म्हटलं, "कुंकू निघून जाते वं आनंदा. वायसर तुह्या नवऱ्यानं घासलं." ती डोळे पुसत म्हणाली, "नाई जाऊबाई. ते म्हनतात म्हंजे खरंच असन."

तुळशीची लग्नं लागली आणि लगेच अंकिताचंही लागलं. त्याच सुमारास चारुताने क्लबाच्या त्याच रायफलीवर पदक आणलं. भाऊजींनी पाहुण्यांना तिचे पेढे वाटले. "रायफल माह्या हातची," म्हणत वाटले. हळद लावलेली लेक तिथेच पाटावर बसली होती. तिलाही एक पेढा दिला.

पुढच्या दिवाळीत अंकिता नवऱ्यासोबत माहेरी आली. देवेंद्र भला माणूस. जेवताना म्हणाला, "मामाजी, हिचा नेम चांगला होता म्हणतात. हिला परत खेळू द्यावं म्हणतो. आठवड्यातून दोनदा मी आणून सोडीन."

माझा घास हातातच राहिला. भाऊजी खूश झाले. "येऊ द्या ना! रायफल मी जमवून देतो."

अंकिता वाढत होती. तिने विचारलं, "क्लबात रायफली जमवनारा दुसरा कोनी हाय?"

"दुसरा कोन? मीच."

"मंग नाई," ती म्हणाली आणि देवेंद्रच्या ताटात वरण वाढलं.

"काऊन नाई?" देवेंद्र म्हणाला. "मी सोडतो म्हटलं ना."

तिने एकदा बापाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आनंदाबाई चुलीपाशी बसली होती, कुंकवाची गोष्ट निघते की काय म्हणून थिजून गेलेली. अंकिताने तोंड उघडलं असतं, तर भाऊजींनी जावयासमोर सगळं आनंदाबाईच्याच माथी मारलं असतं.  ती रिकामी कढई घेऊन आत गेली.

भाऊजींनी ताक ओरपलं आणि मिश्या पुसल्या.

"पाह्यलं ना जावई? मी आधीच म्हनत होतो. तिचं मनच नाई त्याच्यात."

देवेंद्रने मान हलवली. भला माणूस, त्याला पटलं.