सत्ताविसाव्या पानावरचा नियम

टायपिस्टबाईंच्या हातून चूक झाली असं म्हणणारा माणूस त्यांच्या कचेरीत एकतीस वर्षांत सापडला नाही. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण बाईंनी टाइप केलेला कागद पुन्हा वाचून बघायची पद्धत काही पडली नाही. सही करणारे डोळे मिटून सही करायचे. एकदा एका नव्या साहेबांनी मोठ्या हौसेने तांबडं पेन घेऊन त्यांचं पत्र तपासलं. चूक सापडली, पण ती त्यांच्या स्वतःच्याच मजकुरातली निघाली. बाईंनी ती जशीच्या तशी टाइप केली होती. "दिलंय ते टाइप करायचं, त्यात आपली अक्कल पाजळायची नाही," असं त्यांचं सरळ म्हणणं.

आणि तरीही दर रविवारी दुपारी धाकट्या बहिणीच्या घरी बाईंची चेष्टा व्हायची, ती एका चुकीवरूनच. आता ती चूक सांगायची, तर आधी खेळ सांगायला हवा.

त्या खेळाला ही मंडळी 'भुयार' म्हणत. एकाने गोष्ट सांगायची: समोर बंद दार आहे, आतून खरखर ऐकू येतेय, बोला, काय करता? बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन, कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी तिरंदाज, काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशांवर ठरवायचं. प्रत्येक पात्राचा एक कागद, त्यावर त्याचं बळ, त्याची हत्यारं आणि त्याचे प्राण किती ते लिहिलेलं. मार बसला की प्राण खोडायचे. बस, एवढंच. पण एवढ्यासाठीही नियम लागतात, आणि नियमांचं पुस्तक आणलं होतं बोटीवर नोकरी करणाऱ्या आतेभावाने. तीन आठवड्यांच्या सुट्टीला आला होता. पुस्तक चौसष्ट पानांचं, इंग्रजी, कव्हर निघालेलं. सुट्टी संपली की पुस्तक आतेभावाबरोबर जाणार.

बाई तेव्हा बावीस वर्षांच्या. नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेले. रोज कचेरी सुटल्यावर तासभर थांबून त्यांनी ते अख्खं पुस्तक मराठीत करत करत, पानाला पान ठेवून टाइप केलं, कार्बन घालून, दोन प्रती. वीस बाजूंचा फासा आणायचा कुठून? मग शर्टाच्या वीस बटणांवर आकडे घालून ती एका डब्यात टाकली, आणि डबा खुळखुळवून न बघता एक काढायचं. धाकटी तेव्हा चौदाची. तिचा तिरंदाज बाबांनी तिच्याबरोबर बसून बनवला. तिरंदाज म्हणजे एक मुलगीच, पण नाव तिरंदाजच. कागदावर पट्टीने रेघा बाबांनी मारल्या, बटणंही त्यांनीच काढली. बळ कमी आलं तसे हसले. म्हणाले, "राहू दे, नेम चांगला आहे तिचा."

त्यानंतर पाच आठवड्यांनी बाबा गेले. सकाळी दाढी करता करता खुर्चीतच. घरात सगळे रडले, धाकटी मात्र रडली नाही. बोलेचना. शाळेत जायची, यायची, ताट पुढे ठेवलं तर दोन घास खायची. आई म्हणायची, "पोर दगड झालीय गं."

दोन महिन्यांनी बाईंनीच शेजारच्या चष्मेवाल्याला बोलावलं. तेव्हा तो वडिलांच्या दुकानात काचा घासणारा तरुण होता. गोष्ट रंगवून सांगण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हटलं, भुयार खेळू या, निदान हिचं तोंड तरी उघडेल. आणि खरंच उघडलं! पहिल्या रविवारी धाकटी दारामागचं ऐकायला कान लावून बसली, दुसऱ्या रविवारी चक्क भांडली. आणि त्याच रविवारी एका कोळ्याने, जाळं विणणाऱ्या, घोड्याएवढ्या कोळ्याने, तिरंदाजाला चावा घेतला. प्राण शून्य. चष्मेवाल्याने टाइप केलेली प्रत उघडली आणि सत्ताविसावं पान वाचलं, "शून्य प्राण म्हणजे मृत्यू. खेळाडूने नवा कागद घ्यावा."

धाकटी उठली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस उठली नाही, जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी बाई घरी आल्या त्या हातात एक कागद घेऊन. "अगं, माझी चूक झाली. सत्ताविसाव्या पानावरच्या दोन ओळी टाइप करताना राहिल्याच होत्या. कच्च्या वहीत सापडल्या. नवं पान करून आणलंय." आणि त्यांनी वाचून दाखवलं, "शून्यावर पडलेल्याला सोबत्यांनी आपापला एकेक प्राण दिला, तर तो उठतो. दिलेला प्राण देणाऱ्याला परत मिळत नाही."

गोष्ट सांगता सांगता चष्मेवाला एक चोरही खेळवायचा; त्याच्या चोराने आणि बाईंच्या जादूगाराने त्याच संध्याकाळी एकेक प्राण दिला. तिरंदाज उठला. धाकटीही उठली आणि कपभर दूध प्यायली.

तेव्हापासून या घरात कुणाच्याही हातून काहीही सांडलं, हरवलं, विसरलं की "सत्ताविसावं पान!" असं ओरडायची रीत पडली. चष्मेवाले तर बाईंना चहात साखर कमी पडली तरी ऐकवायचे. बाई हसायच्या. एक अक्षर बोलायच्या नाहीत.

कारण राहिलं-बिहिलं काही नव्हतं. मूळ पुस्तकात तसला नियमच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, बाईंनी तो मनाने रचून टाइप केला होता. ज्या बाईने जन्मात कधी 'ध'चा 'मा' केला नाही, तिने न केलेली चूक कबूल केली होती.

वर्षं गेली. धाकटी शिकली, मुख्याध्यापिका झाली, आणि अशी कडक झाली की तिच्या शाळेत घंटासुद्धा दबकत वाजायची म्हणे. नियम म्हणजे नियम, हे तिचं ब्रीद. तिरंदाज अजून जिवंत. एकतीस वर्षांत तो नऊ वेळा पडला आणि नऊ वेळा उठवला गेला. कागद चिकटपट्ट्यांनी जड झाला, पण रेघा त्याच.

आणि मग भाचीने नवी आवृत्ती आणली. धाकटीची मुलगी, कॉलेजात शिकणारी, जिभेला हाड नसलेली. तीन जाडजूड रंगीत पुस्तकं आणि काचेसारखे चमकणारे खरे फासे तिने टेबलावर मांडले, आणि जुंपली ना लढाई!

"आई, तुमच्यात रात्रभर झोपून एक प्राण परत मिळतो? एक? माणूस झोपतो कशाला मग?"

"आणि तुमच्यात झोपलं की सगळे परत! तलवारीने पोट फाडलं, झोपला, सकाळी ठणठणीत! दवाखाने बंद करा म्हणावं."

"तुमचं चिलखत जितकं भारी तितका आकडा कमी. असं कुठे असतं?"

"आम्हाला वजाबाकी येत होती, म्हणून असायचं."

मशालींवरून झालं, कारण जुन्यात प्रत्येक मशाल मोजायची आणि नव्यात उजेडाची फिकीर कुणालाच नाही. जादूगारावरून झालं. त्या बिचाऱ्याला जुन्यात दिवसाला एकच मंत्र, नंतर नुसता काठी घेऊन मागे उभा. नव्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठिणग्या उडवतोय. चष्मेवाले दोन्हीकडून तेल ओतत होते. खरं सांगू का, बाईंना मनातून ती नवी पुस्तकं आवडली होती. छपाई काय सुंदर, रकाने काय सरळ! पण जुन्या पिवळ्या प्रतीवर हात फिरवला की त्यांना बटणांचा डबा खुळखुळताना ऐकू यायचा, बाबांचं हसू ऐकू यायचं, आणि नवं पुस्तक हळूच मिटावंसं वाटायचं.

शेवटी धाकटीने हुकमाचा एक्का काढला. "तुमच्यात शून्यावर पडलं की काय होतं?"

"आपणच तीनदा फासा टाकायचा. जिंकलो तर जगलो."

"म्हणजे पडलेला एकटाच! आमच्यात दुसऱ्याला स्वतःचा प्राण काढून द्यावा लागतो. कायमचा. म्हणून आमची आवृत्ती मोठी."

भाचीने मोबाइल पुढे केला. "आई, मी शोधलं. जुन्या आवृत्तीत असा नियम नाहीये. कुठेच नाही."

"नेटवर काय, वाट्टेल ते लिहितात. हे ताईने टाइप केलंय!"

आणि तिथेच धाकटीने जुन्या आवृत्तीची नवी छापील प्रत मागवली. जशीच्या तशी, चौसष्ट पानांची. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उघडायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. कचेरीत एका पत्रावर चुकीची तारीख पडली आणि शिपायाने ती दाखवली, तेव्हा सगळे वळून बघायला लागले. पत्ते लपवावेत तसं पार्सल लपवावं, असंसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं. नाचक्कीची भीती नव्हती, असं नाही. पण खरी भीती वेगळीच होती. धाकटीच्या हातात बाबांचं म्हणून राहिलेलं ते एकच होतं, तो तिरंदाज. ते खोट्यावर जगवलंय हे कळलं, तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. आणि या खेपेला तिला उठवायला कुठलं पान टाइप करणार?

रविवारी पार्सल उघडलं. भाचीने सत्ताविसावं पान काढून मोठ्याने वाचलं. शून्य प्राण म्हणजे मृत्यू, नवा कागद घ्यावा, आणि खाली लगेच चिलखतांचा तक्ता.

"नीट वाच," धाकटी म्हणाली.

"नीटच वाचलं."

"पुढचं पान बघ. मागचं बघ. हल्ली तुम्हाला वाचायचाच कंटाळा. अर्धं वाचायचं आणि ठोकून द्यायचं!"

"अगं, छपाईच्या दहा खेपा निघतात," चष्मेवाले सारवासारव करत म्हणाले. "एखाद्या खेपेत असेल, एखाद्यात नसेल. आतेभावाचं पुस्तक वेगळ्या खेपेचं असणार."

"तेच म्हणते मी," धाकटीचा चेहरा उजळला. "मी त्या छापणाऱ्यांना पत्रच लिहिते. एवढा महत्त्वाचा नियम गाळलात म्हणून. आणि तू गं, आधी माफी माग मावशीची. खोटं ठरवायला निघाली होतीस!"

सुटलं होतं की हो सगळं! बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. पण भाचीचे डोळे भरून आले होते. खरं वाचलं, आणि वर बोलणी खायची. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "सॉरी, मावशी."

"तू नको माफी मागूस," बाई म्हणाल्या. "तू बरोबर वाचलंस. तो नियम मी केला."

कुणालाच काही कळेना. मग बाईंनी सगळं सांगितलं. जेवणाची सुट्टी, न उघडलेला डबा, कच्ची वही वगैरे काही नव्हतंच, ते सगळं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. एकतीस वर्षं केलेली चेष्टा त्यांच्या तोंडावर आली होती.

धाकटी एवढंच म्हणाली, "म्हणजे माझी तिरंदाज त्या रविवारीच मेली होती."

"हो."

"आणि मी एकतीस वर्षं..." तिचा आवाज चढला. "मला सांगायचं होतंस ना! मी शाळेत पोरांना नियम शिकवते, ताई! सगळ्यांना छाती ठोकून सांगत आले, आमच्या आवृत्तीत असं आहे, तसं आहे!"

"नव्हतं सांगवलं गं. तुझ्यासाठी केलं असं म्हणत आले मनाशी, पण तेही अर्धंच खरं. बाबांनी काढलेल्या रेघा होत्या त्या. तू तो कागद बाजूला टाकून नवा घेतलेला मला बघवला नसता. घरातून आणखी कुणी जायला नको होतं मला. खेळातसुद्धा नको होतं."

धाकटीने तिरंदाजाचा कागद ओढून घेतला. बाबांच्या रेघांवरून बोट फिरवलं. बाईंना वाटलं, आता उठेल आणि आत जाईल. पण ती उठली नाही. तिने पेन घेतलं आणि प्राणांच्या रकान्यात, शाळेत प्रगतिपुस्तकावर घालते तसं स्वच्छ, गोल शून्य घातलं.

"तेव्हा झेपलं नसतं मला," ती म्हणाली. "बरं केलंस. पण आता जाऊ दे तिला."

असं म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम चौदा वर्षांच्या मुलीसारखा झाला. तोंडावर हात घेऊन ती रडायला लागली. हुंदके आवरेनात. चष्मेवाले उगाचच पाणी आणायला उठले. भाची पार घाबरली. आपल्या आईला रडताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मावशी, काय झालं आईला? अगं, खेळ आहे ना हा!"

बाईंनी धाकटीला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"काही नाही गं," त्या म्हणाल्या. "आमचे बाबा गेले."