कानाकडे गेलेला हात

पाटीच्या आईच्या पोटात काही राहत नाही, असं शेजारणी म्हणायच्या. ते खोटं होतं. पोटात सगळं राहायचं, चहाडी करायचा तो चेहरा. आई शाळेत विज्ञान शिकवायची. परीक्षेच्या वेळी वर्गात फेऱ्या घालताना एखाद्या बाकापाशी तिची भुवई वर गेली, की त्या बाकावरची मुलगी मुकाट्याने उत्तर खोडायची. ओठ मुडपले, की शेजारचीही खोडायची. शेवटी मुख्याध्यापकांनी तिला विज्ञानाच्या पेपरला वर्गावर पाठवणंच बंद केलं. "बाई, तुम्ही भूगोलाच्या पेपरला जात जा," ते म्हणाले, "तिथे तुम्हालाही काही येत नाही."

मुलीने नाक वडिलांचं घेतलं, उंची आजीची घेतली, आणि ही खोड मात्र हुबेहूब आईची उचलली. म्हणून तर वडिलांनी तिला पाटी म्हणायला सुरुवात केली. "हिला काही विचारू नका. लिहिलेलं आहे, वाचा," असं ते म्हणायचे. पत्त्यांत तिला भिडू म्हणून कोणी घेत नसे, पण तिच्याविरुद्ध खेळण्यासाठी भांडणं होत. शाळेच्या नाटकात ती मेलेली राणी झाली होती. राजा शोक करायला लागला, तशी मेलेली राणीही मुसमुसायला लागली. तेव्हापासून पाटीचा रंगमंचाशी संबंध संपला, असं आईने ठरवून टाकलं होतं.

शिक्षण संपल्यावर पाटी फ्रिज-मिक्सरच्या एका दुकानात तक्रारीच्या टेबलावर बसली. तावातावाने आलेला माणूस तिच्यासमोर दोन मिनिटं बोलला की निवायचा, कारण त्याचं दुःख आधी तिच्याच तोंडावर उमटायचं. तिथून ती एका छोट्या वाहिनीत लागली. रोज संध्याकाळी दाखवायच्या प्रश्नांच्या खेळात स्पर्धकांना सांभाळायचं, हे तिचं काम. कॉलरला माइक लावायचा, घाम टिपायचा, आणि "पाय लटपटतायत ना? टेबलामागे दिसत नाहीत, लटपटू द्या," असं सांगायचं. स्पर्धक आत जाताना तिचा हात सोडत नसत.

मग खेळाचा सूत्रधार मोठ्या वाहिनीत निघून गेला, आणि दिग्दर्शकाला नवा माणूस सापडेना. कोणी फार गोड बोलायचा, कोणी स्पर्धकापेक्षा स्वतःच जास्त बोलायचा. एक जण तर उत्तर चुकलं की असा हसायचा, की समोरचा मान वर करेना. कंटाळून दिग्दर्शकाने पाटीला उभं केलं.

घरी बातमी आली तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिचा चेहरा बघून वडील म्हणाले, "अगं, नोकरी लागलीय तिला, अपघात झालेला नाही."

"प्रश्न विचारायचे म्हणजे उत्तर लपवायचं," आई म्हणाली. "आणि आपल्या घरात ते कोणाला जमलंय?"

आईची भीती वाया गेली नाही. पहिल्याच चित्रीकरणात समोर एक बिलंदर गृहस्थ आले. ते एकेक पर्याय सावकाश मोठ्याने म्हणायचे आणि पाटीकडे बघायचे. "अ... ब... क..." क म्हटल्यावर पाटीचे डोळे चमकले, की गृहस्थ टेबलावर हात आपटून, "क!" खेळ संपेपर्यंत आतल्या खोलीत बसलेले तंत्रज्ञ पोट धरून हसत होते. दिग्दर्शक हसत नव्हता. तो भाग रद्द झाला.

"तुझा चेहरा फितूर आहे," तो पाटीला म्हणाला. "अजून एक भाग देतो. त्यातही असंच झालं, तर परत मागे जाऊन माइक लावायचे."

त्या आठवड्यात घरातलं जेवणाचं टेबल म्हणजे स्टुडिओ झाला. आई प्रश्न काढायची, पाटी विचारायची, वडील स्पर्धक. पाटीने पहिला उपाय केला तो चेहरा दगडासारखा ठेवायचा. दोन प्रश्नांतच वडिलांनी हात जोडले. "बाई गं, मला वाटतंय मी परीक्षेला बसलोय आणि पर्यवेक्षक बसल्या जागी गेलेत."

"मग काय करू बाबा? हलला तर बोलतो, नाही हलला तर मेल्यासारखा दिसतो!"

वडील मोटार चालवायला शिकवायचे. जन्म गेला होता शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने माझ्या पायाकडे बघायला सुरुवात केली, की संपलं. मग तो गाडी चालवतच नाही. मी काय करतो? रस्ता मला पाठ आहे, तो मनातून काढून टाकतो. आणि त्याच्याकडे बघतो. हा माणूस आता काय करायला निघालाय? घाबरलाय का? वळण दिसलंय का त्याला? इतकं बघायचं असतं, की पायाचा विचार करायला वेळच उरत नाही."

 मग तिने पुढचा प्रश्न वडिलांना विचारला आणि ते विचार करत असताना त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. वडिलांनी आईची नक्कल करत ओठ मुडपले, डोकं खाजवलं, चुकीचं उत्तर दिलं. आणि आईच्या लक्षात आलं, की उत्तर चुकेपर्यंत मुलीच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट होती: कुतूहल.

"जमतंय," आई म्हणाली. पण घरच्या टेबलावर जमलं म्हणजे दिव्यांच्या झोतात जमेल, असं थोडंच असतं? चित्रीकरणाच्या दिवशी आईने गॅस बंद केलाय का ते तीनदा पाहिलं, आणि दाराला कुलूप लावल्यावर परत उघडून चौथ्यांदा.

पाटीने आईसाठी जागा राखली होती ती आपल्या पाठीमागच्या ओळीत. "तू समोर नको बसूस. तुझा चेहरा दिसला की माझाही बोलायला लागेल." आईला ते पटलं. दोघींच्याही डोक्यात आलं नाही ते एवढंच, की पाटीच्या पाठीमागे बसलेला माणूस पाटीला दिसत नसला, तरी तिच्यासमोर बसलेल्या स्पर्धकाला थेट दिसतो. एका भोकाला बोळा घातला, दुसरं सताड उघडं.

स्पर्धक होते एक वयस्कर शिंपी. खांद्यावर टेप घेऊनच आले होते, सवयीने. शिवलेले कपडे सायकलवरून पोचवून त्यांचा गुडघा गेला होता आणि शेवटच्या प्रश्नाला बक्षीस होतं स्कूटर. ती कोपऱ्यात रिबीन बांधून उभी होती. शिंपीकाकांची बायको पुढच्या ओळीत बसून स्पर्धेकडे कमी आणि स्कूटरकडे जास्त बघत होती.

पाटी फार बोलत नव्हती. काका अडखळले की थांबायची, उत्तर बरोबर आलं की त्यांच्याआधी हसायची नाही, त्यांना आधी हसू द्यायची. त्यांनी विचार करताना टेपची गुंडाळी करायला घेतली, तर म्हणाली, "करा काका, डोकं बोटांतूनच चालतं तुमचं." काका खुलले. एकेक उत्तर बरोबर येत गेलं. मिक्सर मिळाला, इस्त्री मिळाली. मागे बसलेल्या आईला मुलीची फक्त पाठ दिसत होती, आणि पाठीमागे बांधलेले हात.

शेवटचा प्रश्न आला.

"माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड कुठे असतं? करंगळीत, नाकात, कानात, की पायाच्या बोटात?"

शाळेत हा धडा शिकवताना आई दर वर्षी स्वतःच्या कानाची पाळी धरायची आणि म्हणायची, "इथे, आत, तांदळाच्या दाण्याहूनही लहान." सगळ्या वर्गाने कान धरल्याशिवाय ती पुढे जात नसे. पाटीलाही तिने हे असंच शिकवलं होतं, थोडं जोरात धरून. त्यामुळे "सगळ्यात लहान हाड" हे शब्द कानावर पडताक्षणी आईचा उजवा हात आपल्या मनाने वर निघाला. तिला पत्ताच नव्हता. शिंपीकाका मान वर करून विचार करत होते आणि त्यांची नजर पाटीच्या खांद्यावरून मागच्या ओळींवर फिरत होती.

तेवढ्यात पाटीने आपली जागा सोडली. मागे वळून न बघता डावीकडे सरकली, आणि काकांच्या आणि आईच्या बरोबर मधे येऊन उभी राहिली.

कॅमेरामनने हात हवेत नाचवले. तिच्या पायाखाली चिकटपट्टीची खूण होती आणि ती खूण सोडायची नाही, हा तिथला पहिला नियम. आईला तेवढंच दिसलं. हिने जागा सोडली! चूक केली! आई घाम पुसायला गेली, आणि तेव्हा तिला कळलं, की आपण चिमटीत आपला कान धरून बसलो आहोत.

तिने हात असा खाली घेतला, जणू भाजला. आता मुलीची पाठ अगदी समोर होती, आणि त्या पाठीमागे मूठ. अंगठा आत आणि बोटं त्याच्यावर घट्ट आवळलेली, पेरं पांढरी पडलेली. ती मूठ आईला पाठ होती. लहानपणी शर्यतीत मैत्रीण धावायची, तेव्हा पाटी कडेला उभी राहून अशीच मूठ आवळायची. काकांनी जिंकावं म्हणून मुलीचा जीव तुटत होता. आणि तरी ती आडवी उभी होती.

"सावकाश, काका," तिचा आवाज आला. मोकळा, नेहमीचा.

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. तिथे काहीच सापडलं नाही, म्हणून शेवटी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "करंगळी," ते म्हणाले.

हॉलभर हळहळ उठली. पुढच्या ओळीत बायकोने कपाळाला हात लावला. काका टेबलाच्या कडेवर टेप गुंडाळत राहिले आणि मान खाली जायला लागली.

आई मनात म्हणाली, आता काय बोलेल ही? बिचारे म्हणेल? हरकत नाही म्हणेल? हरकत तर होतीच की, स्कूटर गेली होती.

पाटी टेबलाला वळसा घालून काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "काका, ते हाड कानात असतं. पण एक सांगा. इतकी वर्षं माणसांची मापं घेतलीत. गळा घेतला, मनगट घेतलं. कानाचं माप कधी घेतलंत?"

काकांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"कान कधी कोणी शिवायलाच टाकला नाही, पोरी!"

हॉल असा काही हसला, की वरचे दिवे हलतात की काय असं वाटलं. माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. बायकोही हसत होती, डोळे पुसत. काका मिक्सर आणि इस्त्री घेऊन निघाले ते मान ताठ ठेवून, जणू स्कूटर त्यांनीच कोणाला देऊन टाकली होती. जाता जाता त्यांनी पाटीच्या खांद्याचं माप टेपने घेऊन टाकलं. "ड्रेस शिवून देतो. बाही तिरकी कापलीय तुझी."

चित्रीकरण थांबलं आणि दिग्दर्शक तरातरा बाहेर आला. "जागा का सोडली? काकांचा अर्धा चेहरा झाकलास!"

आई ओळीतून उठली. आपणच सांगावं, आपलीच चूक, असं तिने ठरवलं, पण पाटी आधी बोलली. "माझ्या मागे माझी आई बसली होती. तिला उत्तर येतं."

"मग?"

"मग काकांनाही आलं असतं."

दिग्दर्शकाला काही कळलं नाही. तो आत गेला, दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र मागे नेऊन पाहिलं. त्यात मागच्या ओळीत एक बाई आपला कान धरून, डोळे मोठे करून बसल्या होत्या, आणि पाटी अंधारात दार लोटून घ्यावं तशी त्यांच्यासमोर सरकत होती. आतल्या खोलीतून आधी तंत्रज्ञांचं हसू ऐकू आलं, आणि मग दिग्दर्शकाचं.

बाहेर येऊन तो आईसमोर उभा राहिला. "बाई, पुढच्या भागापासून तुम्ही आमच्या खोलीत बसून बघायचं. बिस्किटं देऊ. पण हॉलमध्ये नाही."

"पुढच्या भागापासून?" आईने विचारलं.

"हो. रोजच असतो ना खेळ," तो म्हणाला, आणि पाटीकडे वळला. "उद्या वेळेवर ये. आणि त्या कॅमेरामनची माफी माग."

बाहेर पडताना आईने विचारलं, "मी हात वर करणार, हे तुला कळलं कसं? पाठीला डोळे आहेत का?"

"प्रश्न वाचतानाच माझा कान दुखला," पाटी म्हणाली.

भाग दाखवला त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. मुख्याध्यापक आले होते, शेजारणी आल्या होत्या, मुलं जमिनीवर बसली होती. शेवटच्या प्रश्नाला सगळे काकांकडे बघत होते. आई मुलीकडे बघत होती. उत्तर माहीत असून, निकाल माहीत असून, ती त्या चेहऱ्यावर काही शोधत राहिली. ज्या चेहऱ्यावरून तिने ताप ओळखला होता, चोरून खाल्लेली साखर ओळखली होती, तो चेहरा शांतपणे एका म्हाताऱ्या शिंप्याकडे बघत होता, जणू जगात त्याच्याएवढं मोलाचं कोणी नाही.

"पाटी कोरी!" वडील मांडीवर थाप मारून म्हणाले. "अक्षर नाही!"

"कमाल आहे हो तुमच्या मुलीची," एक शेजारीण म्हणाली. "जराही धाकधूक नाही तिला."

आईने भुवई वर केली नाही, ओठही मुडपले नाहीत. ती मूठ टीव्हीवर दिसत नव्हती. ती फक्त पाठीमागे बसलेल्यांना दिसली होती, आणि त्यांतही कळली होती एकीलाच.

"छे," ती म्हणाली, "कसली धाकधूक!" आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरून कोणालाही काहीही कळलं नाही.