दुसरा हात राहिलेले पट्टे

टेकडीपासून नदीपर्यंत सरळ उतरत गेलेल्या त्या हमरस्त्याची ऐट काही औरच. एका अंगाला झाडांची सावली, बँका, काचेच्या कचेऱ्या. दुसऱ्या अंगाला दिवसभर ऊन खाणाऱ्या कामगारांच्या खोल्या. मधे सहा पदरी धावपळ. गाडीवाल्यांची चैन होती, पायी चालणाऱ्याने मात्र जीव मुठीत धरूनच पलीकडे जावं.

या रस्त्यावर पायी ओलांडायचे पट्टे मारण्यात रंगाऱ्याची हयात गेली. आई त्याच्यापाशी, उन्हाच्या बाजूला. थोरली बहीण पलीकडे, एका कचेरीच्या मागच्या खोलीत. लेकीला भेटून आल्याशिवाय म्हातारीला घास गोड लागत नसे. डोळे पार अधू झालेले. माणसं ओळखू यायची नाहीत, पांढरे पट्टे तेवढे दिसायचे.

"तू मारलेत ना? मग मला कसली भीती?" ती म्हणायची. रंगारी नुसता हसायचा, पण मनातून सुखावायचा.

मग समोर नवी इमारत उठली. फाटकापुढच्या पट्ट्यांमुळे साहेबलोकांच्या गाड्यांचा खोळंबा होतो म्हणे! झालं, सिग्नल आणि पट्टे खाली नदीकडे हलले. जुन्या पट्ट्यांवर काळा रंग मारायचं काम रंगाऱ्याकडे आलं. पहिला हात मारून झाल्यावर मुकादम म्हणाला, "दुसरा कशाला मारतोस? चाकांचं काळं बसेल की आपोआप."

रंगारी लोक असंच मानतात. यानेही डबा उचलला. आईला हाताला धरून नवी जागा दाखवली, आणि तीही बिचारी मुकाट्याने तिथून जाऊ लागली.

पण फाटकाशी उतारावर गाड्या करकचून ब्रेक मारतात. चाकांनी काळं बसवायचं सोडून होतं तेच खरवडून काढलं. खालचं पांढरं हळूहळू वर आलं. रंगारी तेव्हा दुसऱ्या टोकाला कामावर होता.

दवाखान्याच्या दारात बहीण रडत रडत म्हणाली, "गाडीनं उडवलं तेव्हा आई पट्ट्यांवरच होती रे. तिची काही चूक नाही."

तिच्याशी नजर मिळवायची रंगाऱ्याची हिंमत होईना.

बरोबर निघालेली शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "किती खुशीत होत्या! म्हणाल्या, ‘पोरानं माझ्यासाठी पट्टे परत आणले बघ.’ मी हात धरेपर्यंत उतरल्यासुद्धा."

पुढच्या आठवड्यात मुकादमाने काळ्या रंगाचा डबा त्याच्यापुढे ठेवला. रंगारी रस्त्यावर गुडघे टेकून बसला आणि त्याने दुसरा हात मारला. तो वाळेपर्यंत तिथेच बसून राहिला, मग तिसरा मारला.