जकात-नानांची हद्द

आमच्या आळीतले जकात-नाना दर रविवारी सकाळी आपला कॉम्प्युटर स्कूटरवर घालून कळंबोलीला न्यायचे. मॉनिटर पुढे पायांत, जिथे बाकीचं पनवेल गॅसचं सिलिंडर ठेवतं तिथे. की-बोर्ड हँडलला लटकवलेल्या पिशवीत. आणि सीपीयू गोधडीत गुंडाळून, मागे बसलेल्या काकूंच्या मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. बघणाऱ्याला वाटावं, नातवंडाला पोलिओचा डोस पाजायला निघालेत.

नाना नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते, म्हणून हे नाव. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो काही हौसेने नव्हे. काकूंना ऐकू येत नसे. तरुणपणी एका तापात कान गेले ते गेलेच. मुलगी कॅनडात. तिचा फोन आला की रिसीव्हर नानांच्या कानाला आणि काकूंची नजर नानांच्या ओठांवर. मुलगी भरभरून बोलायची आणि नाना वळून सांगायचे, "बरी आहे म्हणते." काकू भडकायच्या, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्यांचं भडकणं सगळ्या आळीला कळायचं. "एवढा वेळ बोलली आणि एवढंच? माझी लेक इतकं थोडं बोलत नाही." त्यांना लेकीचे शब्द हवे होते, नानांनी केलेला सारांश नको होता. ई-मेलमध्ये ते जसेच्या तसे मिळणार होते.

मध्ये टेलिफोन खातं होतं. नानांनी फोनसाठी नंबर लावला तेव्हा मुलगी शाळेत होती; फोन घरात आला तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. त्यात इंटरनेट मिळायचं मुंबईचा नंबर फिरवून, आणि पनवेलहून मुंबई म्हणजे एसटीडी. कळंबोली मात्र मुंबई टेलिफोनच्या हद्दीत, तिथल्या फोनला तीच मुंबई लोकल. नानांनी सुरुवातीला घरूनच जोडून पाहिलं, तर पत्राच्या आधी बिल आलं. शेवटी कळंबोलीच्या साडूंचा फोन कामी आला. "जन्मभर हद्द ओलांडणाऱ्यांकडून पैसे घेतले," नाना म्हणायचे, "आता हद्द माझ्याकडून वसूल करतेय. न्यायच आहे हा."

एकदा तक्रार करायला ते टेलिफोन ऑफिसात गेले, तेव्हा मी सोबत होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिसेसना ऐकू येत नाही, मग फोन हवाच कशाला?" माझं डोकंच फिरलं. मी उठलो, तर नानांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं. "अरे, गावात एकच दुकान, आणि दुकानदार जेवायला गेलेला. तू भांडणार कोणाशी, शटरशी?"

मुलगी बाळंत झाली तेव्हा फोनवर नानांना कळलं आणि त्यांनी काकूंना सांगितलं, "दोघी सुखरूप." एवढ्याने काकूंचं काय भागणार? त्या रविवारी मीही कळंबोलीला गेलो. नंबर सारखा एंगेज. लागला की मोडेम किंचाळायचा आणि गप्प व्हायचा. काकू नानांच्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या. मध्येच म्हणाल्या, "अहो, शिव्या देऊ नका. मला दिसतंय."

साडूंकडची जेवणं आटोपली तेव्हा कुठे पत्र उतरलं. काकूंनी ते मोठ्याने वाचलं. "आई, नाक अगदी तुझं आहे. फार दुखलं गं. सगळ्यांदेखत मी तुला हाका मारत होते." मग नानांकडे वळून म्हणाल्या, "हाका मारल्या म्हणते. मला." मला तिथे बसवेना, मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

पुढे पनवेललाही लोकल नंबरवर इंटरनेट मिळू लागलं. नानांनी आळीभर पेढे वाटले. काकूंनी मात्र पेढा हातातच धरून विचारलं, "म्हणजे आता रविवारी कुठे जायचं नाही?" अख्ख्या संसारात नवरा-बायकोने नेमाने बाहेर पडायचं ते एवढंच, हे तोवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नानांच्याही नाही.

पुढच्या रविवारी स्कूटर पुन्हा दारात उभी. पायांत मॉनिटर नाही, हँडलला पिशवी नाही. मी विचारलं, "नाना, आता कशाला?"

"हद्द अजून तिथेच आहे का, बघून येतो."

काकूंना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्या मागे बसल्या, आणि इतके दिवस सीपीयूत अडकलेले हात कुठे ठेवावेत हे त्यांना क्षणभर सुचेना. मग एक हात त्यांनी नानांच्या खांद्यावर ठेवला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चला."