पत्रिकेसोबतचा कागद

सरावलीच्या चाळीतले आमचे शेजारी, काका, बिनसाखरेचा चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायचे. मधुमेह जुनाच होता. पुढे सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर पाण्याच्या गाठी निघाल्या. त्यांच्या आईलाही दोन्ही होतं.

मुलीला बघायला मनोरचे पाहुणे आले, तेव्हा काकांनी पत्रिकेसोबत आपला रिपोर्टही पुढे ठेवला. "डॉक्टर म्हनतो, हे घराण्यातून येतं." पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले.

मी चिडलो. "काका, कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"पोरीचे ग्रह दाखवतो, मंग हे का नाय दाखवायचं?" म्हणत त्यांनी शांतपणे बशी तोंडाला लावली.

आता मीही बिनसाखरेचाच पितो. माझ्या लग्नात आम्ही वडिलांचा मधुमेह लपवला होता, हे काकांना सांगायचा धीर मला कधीच झाला नाही.